जोडी कुणाची

१ जानेवारी १८६१ रोजी आगगाडी कसाऱ्याला पोचली. त्याच वर्षी घाटमाथ्यावर इगतपुरीपासून चाळीसगावकडेही गाडी धावू लागली. मधे उरला थळ घाट. बोगदे खणून, दऱ्यांवर पूल बांधून खालचे आणि वरचे रूळ एकमेकांना भिडले ते १ जानेवारी १८६५ ला. तोवर चार वर्षं लोहमार्ग दोन तुकड्यांत होता आणि मधली वाट बैलांच्या खुरांवर चालत होती. हीच चार वर्षं अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंदांचं नाव झालं. ती गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. खानदेशाकडचा कापूस घाट उतरवून कसाऱ्याच्या मालधक्क्यावर आणणाऱ्या बैलांची गोष्ट मात्र मी माझ्या आजाकडूनच ऐकली.

आजा १९०५ च्या आसपासचा. त्याने ती त्याच्या आजाकडून ऐकलेली, आणि तो आजा तेव्हा गाडीबरोबर चालणारा पोरगा होता. दोन माणसांच्या तोंडून दीडशे वर्षांपूर्वीचा घाट माझ्यापर्यंत आला. आजाला अमेरिकेचं युद्ध ठाऊक नव्हतं. "वर गाडी, खाली गाडी, मधी आपला बैल," एवढंच तो म्हणायचा.

चढाला बैलाची ताकद लागते आणि उताराला अक्कल, असं त्याचं सांगणं. उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. म्हणून माथ्यावरच झाडाचा जाड ओंडका साखळीने गाडीच्या मागे बांधायचा. तो फरफटत येई आणि गाडी आवरून धरी. तळाशी आलं की साखळी सोडायची. असे झिजलेले ओंडके कसाऱ्याच्या बाजूला पडून राहत आणि आसपासच्या बाया ते सरपणाला नेत. चढणीला एका जोडीने भागत नसे. पायथ्याच्या गावांतली माणसं आपापले बैल घेऊन वाटेवर उभी राहत. गाडीवानाशी बोली ठरली की त्याच्या जोडीपुढे आपली जोडी जुंपायची, वर घाटनदेवीपाशी सोडायची आणि मोकळे बैल हाकत खाली यायचं.

रेल्वे घाट चढू लागली तीही याच रीतीने. ३७ फुटांमागे १ फूट असा तो चढ. इगतपुरीकडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात. आधी ती वाफेची होती, १९३० च्या सुमाराला विजेची आली. रेल्वेतली माणसं त्यांना बँकर म्हणतात. आजाने तो शब्द कधी वापरला नाही. अंगणात बसल्या बसल्या खालून इंजिनांचा आवाज आला की तो म्हणायचा, "जोड लागली."

आजाच्या बोलण्यात एक प्रश्न सतत असायचा. कुणाचंही नाव निघालं, सोयरीक निघाली, भांडण निघालं, की तो आधी विचारी: जोडी कुणाची? जमीन किती, घर कौलारू की गवती, ही चौकशी मागाहून. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात गेल्या दीड-दोनशे वर्षांत माणूस कसा जगला हे समजून घ्यायचं असेल तर त्या एका प्रश्नाचं बोट धरून जावं, असं मला वाटतं.

रेल्वेच्या आधीची वाट वंजाऱ्यांच्या बैलांची. माझी आजी मुरबाडकडची, नाणेघाटाच्या पायथ्याला वैशाखऱ्याच्या बाजूला तिचं माहेर. तिच्या आजोळच्या गोष्टींत तांडा यायचा. पुढच्या बैलाच्या शिंगांना लाल फडकं आणि गळ्यात घाटी, मागे पाठीवर गोण्या लादलेली बैलांची रांग. कोकणातून मीठ वर जाई, देशावरून धान्य खाली येई. नाणेघाटात दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणतात. त्याच घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. अश्वमेधाचा आणि यज्ञांत दान दिलेल्या गाईंचा, हत्तींचा, घोड्यांचा त्यात हिशेब आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीलाही आपलं मोठेपण जनावरांच्या संख्येत सांगावंसं वाटलं. घाटात रूळ पडले आणि तांडे पांगले. आजीच्या पिढीला त्यांची घाटी फक्त ऐकून माहीत होती.

आता भाताकडे येतो, कारण जोडीचा खरा निकाल तिथे लागे.

भाताचं सगळं गणित वेळेचं. चैत्र-वैशाखात राब भाजायचा. ऐनाच्या फांद्या, पाचोळा, गवत, शेण आणि वर मातीचा थर देऊन तो जमिनीवर पेटवायचा, म्हणजे तण जळतं आणि माती भुसभुशीत होते. मृगाच्या सरी आल्या की त्या जागेत भात पेरायचा. (या फांद्या तोडण्यावर जंगलखात्याने बंधनं घातली, तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब ही आमच्याकडे केवढी मोठी गोष्ट होती ते त्यावरून कळावं.) रोप वीतभर झालं की आवण, आणि आवणीच्या आधी चिखलणी. खाचरात पाणी तुंबलेलं असताना औत फिरलं पाहिजे. पाऊस उघडला की चिखल आवळतो, रोप जून झालं की फुटवा कमी येतो. त्यामुळे साऱ्या गावाला बैल लागतात ते एकाच पंधरवड्यात. इतर दिवसांत शेजारी शेजाऱ्याला जोडी देईल. त्या पंधरवड्यात सख्खा भाऊ भावाला देत नाही.

ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी. दोघांचे दोन बैल मिळून औत होई, एक दिवस याच्या खाचरात, एक दिवस त्याच्या. काहींकडे रेडे असत. रेडा चिखलात बैलाला हार जात नाही, पण ऊन तापलं की पाण्याकडे ओढ घेतो, आणि मग औतासकट डबक्यात. ज्याच्याकडे यातलं काहीच नसे त्याने सावकाराच्या गोठ्याकडे जायचं. बैलांचं भाडं भाताने ठरे आणि दिवाळीनंतर खळ्यावरूनच माप उचललं जाई. ज्याच्याकडे द्यायला भातही नसे, तो स्वतःच तिथे राबायला जाई.

विहीगावच्या बाजूला एका पाड्यावर एक ठाकर म्हातारबाबा होते. मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. नव्वदीच्या घरातले, कान शाबूत, हातात सतत काहीतरी काम. बहुतेक वेळा शिसवीचा तुकडा घेऊन तो कोयत्याने तासत असत. त्यांनी एकदा आपली हकिकत सांगितली ती अशी.

"लग्नाला मालकाकडून पैसं घेतलं. मंग मी आन माझी बायको, दोघा त्याच्या घरी. सकाळी तो गोठ्यातून बैल सोडी, आमी पाड्यावरून जावं. सांजचं बैल बांधलं का आमची सुटी. बैलाला पेंढा, आमाला आंबील."

मी विचारलं, "किती वर्षं, बाबा?"

"त्याच्या वहीत व्हती. मला कुठं वाचता येत व्हतं?" मग थोडं थांबून म्हणाले, "बैल म्हशाच्या जत्रंत इकला त त्याला दुसरा मालक भेटं. आमाला तोच."

अशा गड्याला लग्नगडी म्हणत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षं राबायचं, आणि व्याज राबण्यापेक्षा भराभर वाढायचं. १९३९ साली सिमिंग्टन या अधिकाऱ्याने डोंगरी जमातींच्या स्थितीवर मुंबई सरकारला अहवाल दिला, त्यात ठाणे जिल्ह्यातल्या या वेठबिगारीची नोंद आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यामागे होते. पुढे वारल्यांचा लढा पेटला तो उंबरगाव-डहाणूकडे, पण 'वेठीला जायचं नाही' हे वाक्य आमच्या पाड्यांपर्यंतही येऊन पोचलं. बाबांनी ते बाजाराच्या दिवशी ऐकलं होतं, कुणाकडून ते त्यांना आठवत नव्हतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची साल मोजायची रीतच निराळी. माझ्या आजीचं लग्न झालं ते 'सिद्धगडला गोळ्या झाडल्या त्या साली'. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, ते साल. बाबा मात्र आपलं आयुष्य बैलांवर मोजत. पांढऱ्याच्या वेळचं, मग बाळ्याच्या वेळचं.

१ एप्रिल १९५७ हा कूळकायद्याप्रमाणे कृषकदिन. त्या दिवसापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. कागदावर ही फार मोठी गोष्ट होती आणि आहे. पण बाबांच्या तोंडून ऐकताना कळलं की सातबाऱ्यावर नाव चढलं त्या जूनमध्येही ते औतासाठी जुन्याच घरी गेले. जमीन आपली झाली, तिच्यात फिरायला बैल आपले नव्हते. जोडीसाठी हात पसरला की मागचं सगळं पुन्हा सुरू. कायद्याने दिलेली जमीन काहींच्या हातून पुढे निसटली त्याची कारणं लोक दारूत, आळसात शोधतात. मला ती त्या जूनमधल्या पंधरवड्यात सापडतात. आधी बैल, मग जमीन, असं कुणी वाटप केलं असतं तर आमच्या शहापूर तालुक्याचा इतिहास बदलला असता, असं माझं ठाम मत आहे.

बाबांनी पहिला बैल घेतला तो म्हशाच्या जत्रेत.

मुरबाड तालुक्यातलं म्हसा हे गाव. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. नवस, देवदर्शन, गळ टोचून घेणारे भक्त, घोंगड्यांची दुकानं, औजारं, आणि या सगळ्यापेक्षा मोठा भरतो तो बैलबाजार. देशावरून घाट उतरून बैल येत, खालून शहापूरकडचे येत. आजीचे वडील तिथे दलाली करत, त्यामुळे बैल कसा बघायचा हे तिला आमच्या आजापेक्षा जास्त कळायचं. आधी दात. दुधाचे सगळे असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. जुळलेल्या बैलाचं वय पुढे फक्त दातांच्या झिजेवरून, म्हणून तिथे फसवणूक होते. मग भोवरे. मग खूर, फट रुंद आहे का. मग चालवून बघायचं, मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो का. सगळ्यात शेवटी ती सांगायची ते म्हणजे डोळा: "भ्यालेला बैल घेऊ नये. त्याला आधीच्या घरानं मारलेला असतो."

सौदा बोलून होत नाही. खरेदीदार आणि दलाल उपरण्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. चेहरा हलत नाही. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. बाबा म्हणाले, त्यांच्या हाताला नांगराचे घट्टे होते आणि दलालाने दाबलेलं बोट त्यांना नीट कळलंच नाही. त्यांनी पुन्हा दाबायला सांगितलं. त्या वेळी आपण या हाताने पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी घेतोय असं त्यांच्या मनात आलं. इसार दिला, दुसऱ्या दिवशी बाकीचे पैसे. मग तो पांढरा देखणा बैल घेऊन ते म्हशाहून पाड्यापर्यंत चालत आले. वाटेत मुक्काम पडला तिथे ते बैलाच्या शेजारी झोपले, दावं मनगटाला बांधून.

पांढऱ्या देखणा होता, पण कोरड्या मुलखातला होता. दोन पावसाळ्यांत त्याचे खूर कुजले. कसाऱ्याचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला हे कळणार नाही. जून ते सप्टेंबर अंग वाळत नाही, चिखल गुडघ्याच्या खाली उतरत नाही. पुढचा बैल बाबांनी घाट चढून घोटीच्या बाजारातून आणला. तो डांगी.

डांगीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या मुलखाने माणसाला दिलेली ही सगळ्यात मोलाची देणगी आहे. डांग, इगतपुरी, अकोले, शहापूर या सह्याद्रीच्या पट्ट्यातली ही जात महादेव कोळी, ठाकर आणि कुणबी यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. अंगावर काळे-पांढरे नाहीतर तांबडे-पांढरे ठिगळासारखे डाग. दिसायला बेताचा, उंचीला मध्यम, चालायला संथ. पण त्याच्या कातडीतून तेलकट पदार्थ पाझरतो आणि पावसाचं पाणी अंगावर ठरत नाही. भर पावसात त्याच्या पाठीवरून हात फिरवा, तळहात तुळतुळीत होतो आणि खालचं अंग ऊबदार लागतं. खूर काळे, टणक. दिवसभर चिखलात उभा राहिला तरी कुजत नाहीत. गाय दूध बेताचंच देते, म्हणून सरकारी योजनांनी या जातीकडे फार काळ पाहिलंच नाही. दुधाच्या मापाने बैलाची जात मोजणं ही चूक आहे. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथे मात्र अजून माणसं या जनावराकडे ज्या नजरेने बघतात ती पाहून बरं वाटतं.

आमच्या घरी जोडी होती, तिचं निम्मं वर्ष गाडीला जाई. गवत, लाकूड, कोळसा, जे स्टेशनला पोचवायचं ते. खडीच्या रस्त्यावर बैलाचे खूर झिजतात म्हणून दिवाळीनंतर पत्र्या मारणारा येई. लहानपणी मी हे काम डोळ्यांची पापणी न लवता बघायचो. आधी बैलाच्या चारी पायांत दोर अडकवून एका झटक्यात त्याला कुशीवर पाडायचा. एकाने मान दाबून धरायची, शिंग जमिनीला टेकलेलं. चारही पाय एकत्र बांधून मधून काठी घालायची. मग तो खूर तासायचा, पातळ पापुद्रे खाली पडायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन अर्ध्या चकत्या, एका बैलाला आठ. खिळा तिरका ठोकायचा, म्हणजे टोक खुराच्या बाहेरच्या अंगाने निघतं, ते वळवून चेपायचं. खिळा आत सरळ गेला तर बैल जन्माचा लंगडा. ते आठ तुकडे होईस्तोवर आजा बैलाच्या कानाशी बसून त्याच्याशी बोलत असे. काय बोलायचा ते कधी ऐकू आलं नाही.

घोडा आमच्या खाचरात कधी उतरला नाही. घोड्यावरून येणारा म्हणजे मामलेदार, जंगलचा साहेब, नाहीतर वसुलीचा माणूस. तरी आमच्या गावांनी हजारो घोडे पोसले, तेही कधी न बघता. दसरा झाला की डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडू लागे आणि सारी गावं विळे घेऊन बाहेर पडत. कापायचं, भारे बांधायचे, गाड्या भरायच्या, वासिंद, आटगाव, खर्डी, कसारा अशा स्टेशनांजवळच्या वखारींवर टाकायचं. तिथे गवत दाबून गाठी होत आणि वॅगनांतून मुंबईला जात. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यांत शेकडो घोडे होते, आणि मुंबईच्या उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून त्या घोड्यांना डोक्यावर टोप्या घालत. व्हिक्टोरिया, श्रीमंतांच्या बग्ग्या, लष्कराचे घोडे वेगळेच. माझी पणजी नऊवारीचा काचा मारून दिवसभर गवत कापायची, अनवाणी, उघड्या डोक्याने. १९०५ साली घोड्यांची ट्राम थांबली आणि १९०७ ला विजेची आली. गवत तरीही जातच राहिलं, आता तबेल्यांतल्या म्हशींसाठी. मुंबईचा चहा आमच्या गवताच्या दुधाचा होता.

घोड्यांचा विषय निघाला म्हणून एका परक्या माणसाचं ऋण सांगतो. जॉर्ज इवर्ट एव्हान्स हे वेल्समधले लेखक. १९४८ साली इंग्लंडच्या सफोक भागात ब्लॅक्सहॉल या खेड्यात त्यांनी बिऱ्हाड केलं. शेजारीपाजारी सगळे जुने शेतमजूर, घोडे हाकणारे. एव्हान्स त्यांच्याकडे बसू लागले, त्यांचं बोलणं टिपू लागले. त्यातून १९५६ मध्ये त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं आणि १९६० मध्ये 'द हॉर्स इन द फरो' हे घोड्यांवरचं. सफोकचा नांगराचा घोडा तांबूस, जाड मानेचा, आखूड पायांचा. त्याला हाकणारे पहाटे अंधारात उठून आधी घोड्यांना चारा घालत, मग स्वतः खात. घोड्याच्या खाण्यात कोणती मुळी घालायची हे गुपित बाप फक्त मुलाला सांगे. घोडे मालकाचे, विद्या गड्याची. ट्रॅक्टर आला आणि थोड्याच वर्षांत ती विद्या निरुपयोगी ठरली. हे वाचताना मला विहीगावकडचे बाबा दिसत होते. बैल सावकाराचे आणि त्यांची सगळी जाण बाबांची. खांदा सुजला तर जू किती दिवस ठेवायचं नाही, वासराला पहिल्यांदा कोणत्या बाजूला जुंपायचं, डाव्या अंगाची सवय लागलेला बैल उजवीकडे का बिचकतो, हे त्यांना ठाऊक होतं. ज्याच्या मालकीची जोडी होती त्याला नव्हतं.

सणांमधेही ही जाण दिसे. दिवाळीच्या आधी वाघबारस. गुराखी पोरं घरोघरून तांदूळ-दूध गोळा करून रानात खीर शिजवत आणि वाघोबाला दाखवत. वर्षभर गुरांना हात लावू नको, एवढंच मागणं. पाडव्याला बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर गेरूचे ठसे, आणि पेटवलेल्या पेंढ्यावरून त्यांना उडवायचं. बाबा सांगायचे, लग्नगडी असतानाही पाडव्याला मालकाचे बैल रंगवायचं काम त्यांचंच असे, आणि ते मनापासून करत. "बैलाचा काय दोष?"

पॉवर टिलर आमच्याकडे आला त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याच्याकडे जोडी नव्हती त्याला टिलरने मोकळं केलं, तासाचे पैसे टाकले की काम झालं, वहीत नाव नाही. खुंटाला बांधलेल्या बैलाला उन्हाळाभर पोसणं गरिबाला परवडत नव्हतं हेही खरं. पण बैल गेले तसं शेण गेलं. राबाला शेण नाही, खाचराला खत नाही, म्हणून युरिया. गोठे रिकामे झाले तशी गुराखी पोरं गेली, आणि माळावरचं गवत कुणी कापत नाही म्हणून उन्हाळ्यात वणवे वाढले. डांगीची वासरं ठेवणारी घरं वर्षागणिक कमी होताहेत. ही जात एकदा हातची गेली तर कुठल्याही प्रयोगशाळेतून ती परत आणता येणार नाही. म्हणून तालुक्यात घोटीसारखा डांगीचा बाजार भरावा, पावसाळ्याआधी जोडी घेणाऱ्याला कर्ज मिळावं, यासाठी मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरी-कसाऱ्याच्या डोंगरातून जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे. ज्या चढाला माझ्या आजाच्या आजाने जादा जोडी जुंपली तो चढ आता काही मिनिटांत, काच वर करून, पार होतो. याच शहापूर तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी देतात आणि चैत्रात इथल्या पाड्यांवर टँकर येतात. रस्ता, पाणी, गवत, लाकूड, सगळं या वाटेने खालीच गेलं.

बाबा गेले. त्यांच्या नातवाकडे डांगीची जोडी आहे. पाड्याच्या वर उतारावर लहान लहान खाचरं आहेत, बांध उंच, वळायला जागा नाही. तिथे टिलर चढत नाही आणि चढवला तर रुततो. आजूबाजूच्या गावांत अशी खाचरं असणाऱ्या प्रत्येकाला जूनच्या शेवटी तोच आठवतो. ज्या घरी त्याचे आजा-आजी लग्नगडी होते, त्या घराचंही वरच्या अंगाला एक खाचर आहे. गेल्या पावसाळ्यात मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा त्या घरातून फोन आला. उद्या जोडी मिळेल का, अशी विचारणा होती, आवाजात घाई होती, पाऊस उघडायला लागला होता. त्याने आधी घेतलेल्यांची नावं एकेक करून सांगितली, चार घरं होती, सगळी पाड्यातली. मग म्हणाला, "त्यांचं झालं का तुमचं, दादा. शुक्रवारी येतो. पानी मात्र तुंबवून ठेवा."